चालत्या इंजिनला हात लावायचा का?

पत्र थोडक्यात असं आहे. निपाणी भागातले एक गाडीवाले लिहितात की वडिलांनी सेकंडहँड घेतलेला टाटाचा जुना ट्रक आता त्यांच्याकडे आलाय, आत कमिन्सचं सहा सिलेंडरचं इंजिन आहे, सीझनला ऊस आणि बाकीच्या दिवसांत मिळेल तो माल. इंजिन चांगलं चालतंय, तवंदी घाटात भरल्या गाडीची पण तक्रार नाही, तसं पुढच्या पुलीखाली ऑइलचा थेंब असतो पण ते जुनंच आहे. मधे त्यांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचा व्हिडिओ बघितला, त्यात ह्याच जातीच्या इंजिनात पुढची एक लोखंडी पिन सुटून गिअरमध्ये पडते आणि इंजिनाचं वाटोळं होतं असं दाखवलंय. तेव्हापासून झोप नाही. वडिलांच्या वेळेपासूनचे मेस्त्री म्हणतात चालत्या इंजिनला हात लावायचा नाही, इतकी वर्षं पडली नाही ती आता काय पडतेय. चुलतभाऊ म्हणतो कुणाला काही बोलू नको, गाडी विकून मोकळा हो, विजापूरकडची पार्टी आहे. आई म्हणते बाबांची गाडी विकायची नाही. कारखाने सुरू व्हायच्या आत ठरवायचंय, तर उघडावी, तशीच चालवावी का विकावी?

भाऊ, तुम्ही पान भरून पिनबद्दल लिहिलंय आणि थेंबाबद्दल एकच ओळ, ती पण "तसं" म्हणून. मला विचाराल तर आधी त्या थेंबाकडे बघायला पाहिजे. पिन सुटली आहे का नाही ते तुम्हाला माहीत नाही, मला नाही, मेस्त्रींना पण नाही. थेंब मात्र रोज गाडीखाली पडतोय. आणि तो थेंब बंद करायला इंजिनाच्या ज्या बाजूला हात घालावा लागणार, पिन त्याच बाजूला बसलेली आहे. म्हणजे तुम्ही ज्याला मोठा निर्णय म्हणताय त्याचं अर्धं काम तसंही करायचंच होतं, ते पुढं ढकललं गेलंय एवढंच.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट बघून घ्या, गाडीत इंजिन नक्की कुठलं आहे ते. जुन्या टाटात सरसकट कमिन्सच असतं असं नाही, टाटाचं स्वतःचं 697 पण भरपूर गाड्यांत आहे, त्याची बनावट वेगळी आणि तुम्ही व्हिडिओत बघितलेली भानगड त्या इंजिनाची नाही. सेकंडहँड गाडीत तर मधे कुणी इंजिनच बदललेलं असतं आणि आरसी बुकावर भलतंच असतं. कमिन्सच्या बी सिरीज इंजिनाला पुढच्या अंगाला, फ्युएल पंपाच्या बाजूला, टायमिंग गिअरच्या हाऊसिंगवर, म्हणजे गिअरच्या बाहेरच्या पेटीवर, धातूची पाटी असते. वर ग्रीस आणि मातीचा थर असणार, डिझेलच्या फडक्यानं पुसा, नंबर आणि मॉडेल वाचा, फोटो काढून ठेवा. 6 बी किंवा 6 बीटी असं काही असेल आणि वरती प्रत्येक सिलेंडरला दोनच व्हॉल्व्ह असतील, म्हणजे एकूण बारा, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नसेल तर ही काळजी बरीच कमी, थेंबाचं काम मात्र करून घ्या.

आता ही पिन काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, कारण व्हिडिओवाले आधी घाबरवतात आणि मग सांगतात. हे 5.9 लिटरचं इंजिन 1984 च्या सुमाराला आलं, अमेरिकेत 1989 पासून 1998 पर्यंत डॉजच्या पिकअपमध्ये बारा व्हॉल्व्हचं बसलं, आणि आपल्याकडं टाटा आणि कमिन्सची भागीदारी 1993 ला झाली त्यातून जमशेदपूरला ह्याच घराण्याची इंजिनं बनायला लागली. ब्लॉक बिडाचा. त्याच्या पुढं ॲल्युमिनियमचं हाऊसिंग बोल्टनं बसवलेलं, त्यात क्रँकचा (पिस्टन फिरवतात तो दांडा) गिअर, कॅमचा (व्हॉल्व्हची उघडझाक करणारा दांडा) गिअर, पंपाचा गिअर, आणि सगळ्याच्या पुढं झाकण म्हणून टायमिंग कव्हर. कारखान्यात हाऊसिंग ब्लॉकवर बरोब्बर जागेवर बसावं म्हणून स्टीलची डॉवेल पिन ठोकलेली असते. करंगळीच्या पेरापेक्षा लहानच असेल. एकदा बोल्ट आवळले की धरून ठेवायचं काम बोल्ट करतात, पिनला फारसं काम उरत नाही. पण पिनच्या तोंडावर तिला अडवणारं काही ठेवलेलंच नाही, ती नुसती घट्ट बसली म्हणून बसली. इंजिन गरम होतं, थंड होतं, डिझेलची थरथर चोवीस तास, त्यात ती सूत सूत पुढं सरकू शकते. सरकत सरकत भोकाच्या बाहेर आली की खाली कॅमचा गिअर फिरतोयच.

पडल्यावर काय होतं ते नशिबावर. कधी ती कशालाच न लागता सरळ इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमध्ये जाऊन बसते आणि पुढचा ओव्हरहॉल होईपर्यंत कुणाला पत्ता पण लागत नाही. कधी गिअर तिला हाऊसिंगवर चेपतो, ॲल्युमिनियम फुटतं, पुढून ऑइलची धार लागते, तुकडे चेंबरमध्ये जाऊन पंपाच्या जाळीला लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन गिअरच्या दातांत सापडली तर दात जातात, कॅमचं टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात, पुशरॉड वाकतात, मग गाडी घाटात जिथं असेल तिथंच. व्हिडिओत हा तिसरा प्रकार दाखवतात कारण बघायला तोच भारी. तुमच्या इंजिनात हे होणारच असं कुणीही सांगू शकत नाही. भरपूर इंजिनं अख्खं आयुष्य काढतात आणि पिन जागची हलत नाही. म्हणून आज रात्री गाडी जागेवर उभी करून ठेवा असं मी म्हणणार नाही, पण पुढचा अख्खा ऊस सीझन न बघता काढा असं पण म्हणणार नाही.

मेस्त्रींचं काय चुकतंय आणि काय नाही ते बघू. "चालत्या इंजिनला हात लावू नये" हे त्यांचं म्हणणं उगीच नाही हो. चांगलं चालणारं इंजिन कुणीतरी अर्धवट हातानं उघडलं, वायसर आत पडला, पंपाचं टायमिंग हललं, आणि गाडी आधी जशी होती तशी परत कधी झालीच नाही, असं त्यांनी आयुष्यभर बघितलेलं असणार. त्यांची भीती इंजिनाची कमी आणि उघडणाऱ्याच्या हाताची जास्त आहे. ती भीती बरोबर आहे, पण उघडणारे ते स्वतः असतील तर मग ती उरते कुठं? दुसरं वाक्य मात्र मला पटत नाही, "इतकी वर्षं पडली नाही." ही पिन पहिल्या वर्षी पडेल असं कुणी म्हटलंच नव्हतं. हळूहळू सरकणारी गोष्ट जितकी वर्षं गेली तितकी पुढं आलेली असू शकते, वर्षं तुमच्या बाजूनं मोजायची का विरुद्ध हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि हे पण शक्य आहे की मागच्या मालकाच्या वेळी कुठल्यातरी शहाण्या माणसानं कव्हर उघडलेलं असताना पिन कधीच पक्की केलेली आहे, आणि तुम्ही फुकट झोप घालवताय.

बाहेरून कळायची सोय फार नाही. आवाज येत नाही, दिवा लागत नाही. ज्या इंजिनाचं ऑइल टाकायचं तोंड पुढच्या कव्हरवरच असतं तिथून वायरचा कॅमेरा घालून काही लोक बघतात, तो आता मोबाईलला जोडायचा मिळतो, पण तोंड टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणून थेंबाकडं या. गाडी थंड असताना पुढचा सगळा भाग डिझेल आणि ब्रशनं चकचकीत धुवा, वाळू द्या, थोडी चालवा आणि बॅटरी घेऊन खाली झोपून बघा. पुलीच्या मागून गोल ओल येत असेल तर क्रँकचं पुढचं सील. कव्हरच्या कडेनं येत असेल तर गॅस्केट. आणि हाऊसिंगच्या अंगावरच, जोड नाही अशा ठिकाणी ओल दिसली, केसासारखी रेघ दिसली, तर मग गाडी लोडला पाठवू नका, आधी उघडा. पहिले दोन असतील तर घाई नाही पण काम आहेच.

नुसतं सील बाहेरूनही बदलता येतं, हे मेस्त्री सांगतीलच. पण त्यासाठी फॅन, बेल्ट, डॅम्पर पुली हे सगळं काढावंच लागतं, जागा नसेल तर रेडिएटर पण. एवढं झाल्यावर कव्हरचे बोल्ट काय ते राहिले. ते काढले की समोर गिअर, आणि कॅमच्या गिअरच्या वरच्या अंगाला हाऊसिंगमध्ये पिनचं गोल तोंड दिसतं. इथं मेस्त्रींना एक गोष्ट आधीच सांगून ठेवायची: गिअरला हात लावायचा नाही, पंपाच्या गिअरचा नट तर बघायचा पण नाही. कव्हर काढल्यानं टायमिंग हलत नाही, कुणीतरी "आता उघडलंयच तर" म्हणून नट सैल केला की हलतं. आणि पहिलं काम, खाली गिअर आणि चेंबरच्या फटीत स्वच्छ फडकं कोंबायचं. पिन वाचवायला गेलो आणि दहाचा बोल्ट आत पडला असं व्हायला नको.

पिन बाहेर आलेली असेल तर बोथट पंच आणि लहान हातोडीनं टकटक करत आत बसवा, तोंड हाऊसिंगच्या पातळीच्या जरा आत जाईपर्यंत. मग तिला अडवायचं. एक पद्धत म्हणजे भोकाच्या कडेचं ॲल्युमिनियम पंचनं ठेचून आत दाबायचं, खर्च शून्य, पण ते किती धरेल हे ठेचणाऱ्यावर. नुसतं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून बसवणारे पण आहेत, तेलात भिजलेल्या भोकात ते धरतंय म्हणायला माझा जीव होत नाही. मला पसंत आहे ती पट्टी. पिनच्या शेजारीच हाऊसिंगचा एक बोल्ट असतो, तो काढायचा, त्याखाली स्टीलची लहान पट्टी घालायची, एका टोकाला बोल्टचं भोक आणि दुसरं टोक पिनच्या तोंडावर येईल अशी, आणि बोल्ट परत आवळायचा. आता पिनला यायला वाटच नाही. बाहेर देशात ह्या पट्टीचे तयार किट विकतात. तुम्हाला मागवायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबागला जा, तिथं क्रँकशाफ्ट आणि हायड्रॉलिकचे पार्ट करणारे बसलेत, लेथवाल्याला बोल्ट आणि पिनमधलं अंतर कागदावर घासून दिलं तर तो चहा येईपर्यंत करून देईल. पट्टी पातळ आणि सपाट पाहिजे, कडा गुळगुळीत, कारण जाड झाली तर बोल्टचे आटे कमी धरतात आणि बोल्टचं डोकं पुढं येऊन गिअरला किंवा कव्हरला लागू शकतं. बोल्टचे आटे आणि भोक तेल काढून कोरडं करा, इथं मात्र लॉकटाइट लावा, कोरड्या आट्यात त्याचं काम चोख असतं. हाऊसिंगचे बाकीचे दिसतील ते बोल्ट पण पान्यानं बघा. ह्या इंजिनात ते सैल सापडतात ही पण जुनी तक्रार आहे, आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही कारण सगळ्यांचं लक्ष पिनवर.

कव्हर लावायच्या आत आधी फडकं काढा, मग इंजिन हातानं फिरवा, पूर्ण दोन वेढे. क्रँकच्या दोन वेढ्यांत कॅमचा एक होतो, म्हणजे कॅमच्या गिअरचा प्रत्येक दात पट्टीखालून जातो. कुठं घासत नाही हे डोळ्यानं बघा, कानानं ऐका. फडकं काढा हे मी मुद्दाम लिहितोय.

पिन भोकात नसलीच तर? मग आनंद मानू नका. एकतर मागच्या कुणी काढून ठेवलीय नाहीतर ती चेंबरमध्ये आहे. चेंबर उतरवून शोधा, सापडेपर्यंत गाडी बांधू नका, गिअरचे दात आणि हाऊसिंगचा आतला भाग पण बॅटरीनं बघा.

आता सीलचं सांगतो, कारण चांगले चांगले मेस्त्री इथं घसरतात. आपल्याकडं कुठलंही सील बसवताना बोटानं तेल किंवा ग्रीस लावायची सवय आहे, लहानपणापासून हाताला लागलेली. ह्या इंजिनाचं पुढचं सील टेफ्लॉनच्या ओठाचं असतं, ते कोरडंच बसवायचं. क्रँकचं नाक पण पुसून कोरडं, बोटाला तेलाचा डाग लागायला नको. सीलबरोबर प्लॅस्टिकची रिंग येते ती ओठ दुमडू नये म्हणून, ती फेकू नका, तिच्यावरूनच सील सरकवा आणि मग काढा. तेल लावून बसवलं तर पहिल्या दिवसापासून गळतं आणि मग सील डुप्लिकेट निघालं म्हणून दुकानदाराला शिव्या. क्रँकवर जुन्या सीलनं खाच पाडली असेल, नखाला लागत असेल, तर नवं सील पण गळणार, त्यासाठी वरून चढवायची पातळ बाही मिळते ती लावा.

गाडी उभीच आहे तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची फट, पण बघून घ्या. थंड इंजिनावर इनटेकला 0.25 मिमी आणि एक्झॉस्टला 0.51 मिमी, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून, अंदाजानं नको. बेल्ट आणि वॉटर पंपाचा बेअरिंग हातानं हलवून बघा. ह्याच्यापेक्षा जास्त यादी वाढवू नका, नाहीतर पिनसाठी गेलेली गाडी पूर्ण ओव्हरहॉल होऊन येईल.

मेस्त्रींना कसं सांगायचं हा तुमचा खरा अडलेला मुद्दा दिसतो, पत्रात तुम्ही तीनदा "ते बाबांच्या वेळेपासूनचे आहेत" असं लिहिलंय. मोबाईल पुढं धरून व्हिडिओ दाखवू नका, तीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला तो अपमान वाटतो आणि वाटणारच. थेंबापासून सुरू करा. "काका, पुढचं सील करून घेऊ, सीझनला ऑइल टाकून टाकून कंटाळा आलाय, आणि कव्हर काढलं की ती डॉवेल एकदा तुमच्या नजरेखालून घाला की." म्हणजे काम त्यांचं, नजर त्यांची. ते नाहीच म्हणाले तर एवढं विचारा की सील तुम्ही करा, कव्हर उघडायला ऑटोनगरमधल्या कमिन्सवर हात बसलेल्या माणसाला बोलावू, तुम्ही शेजारी उभे रहा. त्यावर बहुतेक मेस्त्री स्वतःच पाना उचलतात. आणि जो माणूस ह्यावर पण "गरज नाही" म्हणून हसण्यावारी नेईल त्याच्या हातात मी तरी हे इंजिन देणार नाही, बाबांच्या वेळेपासूनचा असला तरी.

विकायचं म्हणाल तर चुलतभावाच्या सल्ल्यात दोन गोष्टी एकात गुंडाळल्यात त्या सुट्या करा. गाडी विकावी का, हा एक प्रश्न. जुनी गाडी आहे, पंधरा वर्षांवर गेली की फिटनेसचा खर्च वाढतो, टायर, विमा, ड्रायव्हर, भाडं परवडतंय का नाही ह्याचा हिशोब कागदावर मांडा आणि परवडत नसेल तर जरूर विका, आईंना पण तो कागद दाखवा, त्यांना आकडे कळत नाहीत असं धरून चालू नका. पण ह्या पिनसाठी विकायची म्हणजे एक-दोन दिवसांची मजुरी, एक सील, एक गॅस्केट आणि लोखंडाचा तुकडा एवढ्यासाठी चालतं पोट विकणं. दुसरी गोष्ट ती "कुणाला काही बोलू नको." तुम्हाला माहीत आहे, आणि समोरचा विजापूरचा माणूस पण तुमच्यासारखाच हप्ते फेडून गाडी घेणार. सांगून विकलीत तर भावात थोडं तुटेल. पिन पक्की करून, उघडलेल्या कव्हरचे फोटो आणि बिल दाखवून विकलीत तर उलट चार पैसे जास्त मागता येतील, जुन्या कमिन्सची जाण असलेला गिऱ्हाईक तो फोटो बघून लगेच ओळखतो.

वेळ म्हणाल तर पावसात गाडीला तसंही काम कमी असतं, खंडेनवमीच्या आत उरकून टाका. खंडेनवमीला गाड्या धुवून, हार घालून पूजेला उभ्या करतात आणि त्या आठवड्यात गॅरेजमध्ये उभं राहायला जागा नसते, त्यानंतर कारखाने पेटले की तुम्हालाच वेळ नाही. तोपर्यंत गाडी चालवली तरी चालेल, वर सांगितलेली केसासारखी रेघ दिसली नसेल तर. रोज सकाळी ऑइलची पट्टी बघा आणि थेंब वाढतोय का तेवढं लक्ष ठेवा, अचानक धार झाली किंवा पुढून टकटक आली तर "कारखान्यापर्यंत नेतो" असं करू नका, तिथल्या तिथं बंद करा. टोचन करून आणलेली गाडी परवडते.

बाकीच्या वाचकांसाठी एक-दोन गोष्टी. ह्याच इंजिनाचा धाकटा भाऊ चार सिलेंडरचा, 3.9 लिटरचा, जनरेटर सेटमध्ये आणि बांधकामाच्या मशीनमध्ये सापडतो, पिन त्याला पण तशीच आहे. जनरेटरवाले सहसा रेडिएटर गळेपर्यंत पुढं बघतच नाहीत, त्यांनी पुढच्या सर्व्हिसला कव्हर काढून घ्यावं. आणि जे कुणी आता जुनी कमिन्सची गाडी घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी मालकाला पिनबद्दल विचारा, "पिन कसली?" असं उत्तर आलं तर सील, गॅस्केट आणि मजुरी भावातून वजा करून बोला, आणि गाडी घरी नेण्याआधी गॅरेजला न्या.